निसटता विजय नेत्याला काय शिकवतो? कराडची १९५७ ची लढत आणि यशवंतराव चव्हाणांचा प्रवास

सिल्लोडमध्ये २ हजार ४२० मतांनी निकाल लागला. त्याच्या ६७ वर्षे आधी राज्याचा मुख्यमंत्रीच आपल्या गावच्या मतदारसंघात असा थोडक्यात बचावला होता. त्या निकालाने पुढे महाराष्ट्राचा नकाशा बदलायला हातभार लावला. कसा, ते समजून घेऊया.

सिल्लोड : २३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेची मतमोजणी झाली, तेव्हा सिल्लोड-सोयगाव मतदारसंघात शेवटच्या फेऱ्यांपर्यंत कोणालाच खात्री देता येत नव्हती. शिवसेनेचे अब्दुल सत्तार आणि शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे सुरेश बनकर यांच्यातल्या या लढतीत सत्तार २ हजार ४२० मतांनी विजयी झाले. आधीच्या, म्हणजे २०१९ च्या निवडणुकीत त्यांचे मताधिक्य २४ हजारांच्या घरात होते. निकालावर चौकाचौकांत आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर चर्चा रंगली. कोणी म्हणाले, जिंकला तो जिंकला. कोणी म्हणाले, निम्मा तालुका विरोधात गेला त्याचे काय?

या निकालानंतर दोनच दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची ४० वी पुण्यतिथी होती. हा योगायोग असला, तरी वर विचारलेल्या प्रश्नाचे एक उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते.

कोण होते यशवंतराव?

यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगली जिल्ह्यात आहे. देवराष्ट्रे हे त्यांचे आजोळ. वडील न्यायालयात बेलिफ होते. यशवंतराव लहान असतानाच वडील गेले आणि घराची सगळी जबाबदारी आई विठाबाईंवर आली. शेतीचा आधार थोडा आणि खाणारी तोंडे जास्त, अशी परिस्थिती होती. तरी मुलांची शाळा सुटू द्यायची नाही, हा त्या माउलीचा हट्ट होता.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच यशवंतराव स्वातंत्र्य चळवळीत ओढले गेले. १९३२ मध्ये कराडमध्ये तिरंगा फडकवल्याबद्दल त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. येरवडा आणि विसापूरच्या तुरुंगात त्यांना मोठ्या कार्यकर्त्यांची सोबत मिळाली आणि भरपूर वाचायला मिळाले. बाहेर आल्यावर त्यांनी शिक्षण पूर्ण केले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि १९४१ मध्ये पुण्यातून वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले.

२ जून १९४२ रोजी फलटणच्या वेणूताईंशी त्यांचे लग्न झाले. दोन महिन्यांत ‘छोडो भारत’ची हाक आली आणि यशवंतराव भूमिगत झाले. साताऱ्यात चळवळीने जोर धरला होता. पोलिसांना नवरा सापडेना म्हणून त्यांनी वेणूताईंना पकडून नेले. त्या सुटल्या, पण प्रकृती ढासळली. आजारी पत्नीला भेटायला यशवंतराव १९४३ मध्ये फलटणला गेले आणि तिथेच पोलिसांच्या हाती लागले.

१९४६ च्या निवडणुकीत ते साताऱ्यातून मुंबई प्रांताच्या विधिमंडळात गेले आणि संसदीय सचिव झाले. १९५२ मध्ये मंत्री झाले. ज्यांच्या घरात राजकारणाची कसलीही परंपरा नव्हती, अशा मुलाने चाळिशीपर्यंत मारलेली ही मजल होती.

मग १९५७ ची निवडणूक इतकी अवघड का झाली?

याचे उत्तर भाषेच्या प्रश्नात आहे. मराठी बोलणाऱ्यांचे, मुंबईसह एक राज्य हवे, ही मागणी जुनी होती. स्वातंत्र्यानंतर तिने जोर धरला. दिल्लीला मात्र मुंबई महाराष्ट्राला देणे मान्य नव्हते. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले. या लढ्यात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. मुंबई केंद्रशासित करण्याच्या घोषणेने संताप आणखी वाढला आणि केंद्रीय अर्थमंत्री सी. डी. देशमुख यांनी राजीनामा दिला. फेब्रुवारी १९५६ मध्ये काँग्रेसविरोधी पक्ष एकत्र आले आणि संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. समाजवादी एस. एम. जोशी, कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे असे एरवी एकमेकांशी न पटणारे लोक एका व्यासपीठावर आले.

यशवंतरावांनाही मराठी राज्य हवे होते. पण ते काँग्रेसच्या चौकटीत राहून मिळवावे, रस्त्यावरच्या संघर्षातून नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. १९५५ च्या अखेरीस त्यांनी जाहीर सांगून टाकले की, संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांतून निवड करायची वेळ आली, तर आपण नेहरूंच्या बाजूने उभे राहू. हे विधान त्यांना फार महागात पडले. सभांमधून, वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला.

त्यात संसदेने १९५६ मध्ये तडजोड म्हणून ‘विशाल द्विभाषिक’ राज्य केले. मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ, मराठवाडा आणि सौराष्ट्र-कच्छसह सगळा गुजरात असे हे एकच राज्य होते. ते मराठी माणसाला नको होते आणि गुजरात्यांनाही नको होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी या कोणालाच नको असलेल्या राज्याचे मुख्यमंत्रिपद ४३ वर्षांच्या यशवंतरावांकडे आले. पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी भाऊसाहेब हिरे यांचा पराभव केला होता. चारच महिन्यांत सार्वत्रिक निवडणूक होती.

कराडात काय घडले?

कराड उत्तर मतदारसंघात यशवंतरावांसमोर समितीच्या पाठिंब्यावर शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव पवार उभे होते. शेकाप हा परका पक्ष नव्हता. काँग्रेसमधूनच बाहेर पडलेल्या मंडळींनी तो काढला होता. गावोगावची तीच घरे, तेच पाहुणे, तीच भावकी आता दोन बाजूंना उभी राहिली.

मुख्यमंत्र्यांना राज्यभर प्रचाराला जायचे होते आणि इकडे घरचाच मतदारसंघ हातातून निसटत होता. विरोधकांचा प्रचार सोपा होता. मुंबई मिळवून देईल त्याला मत द्या, एवढेच त्यांना सांगायचे होते. यशवंतरावांना मात्र लोकांना न आवडलेल्या राज्याची बाजू मांडायची होती.

तेव्हा मतदान कसे व्हायचे?

आजच्या तरुण मतदारांना हे नवल वाटेल.

- मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे नसत आणि शिक्का मारायची पद्धतही नव्हती.
- प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे. पेटीवर त्याचे निवडणूक चिन्ह चिकटवलेले असे. काँग्रेसचे चिन्ह तेव्हा बैलजोडी होते.
- मतदार पडद्याआड जाई आणि हातातली मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकी.
- मतदानाचे वय २१ होते. ते १८ व्हायला १९८९ साल उजाडावे लागले.
- लोकसभा आणि विधानसभा, दोन्हींचे मतदान एकत्रच झाले.

म्हणजे मतमोजणीत प्रत्येकाच्या पेट्या उघडायच्या आणि कागद मोजायचे. कराड उत्तरच्या पेट्या उघडल्या, तेव्हा मुख्यमंत्री अवघ्या दीड-दोन हजार मतांच्या फरकाने तरले होते. शेजारच्या कराड दक्षिणमध्ये शेकापचे यशवंतराव मोहिते निवडून आले. सातारा लोकसभा मतदारसंघातून कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील दिल्लीला गेले. याच नाना पाटलांना पुढे १९६७ मध्ये मराठवाड्यातल्या बीडनेही लोकसभेत पाठवले.

मुख्यमंत्रिपद वाचले कसे?

पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली. पश्चिम महाराष्ट्रात तिला जेमतेम चौथा हिस्सा जागा मिळाल्या. अनेक मंत्री पडले. तरीही ३९६ जागांच्या विधानसभेत काँग्रेस २३४ जागांसह बहुमतात आली. हे बहुमत आले गुजरात, विदर्भ आणि आपल्या मराठवाड्यातून.

मराठवाड्याने वेगळा कौल का दिला? औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे चारच महिन्यांपूर्वी हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आले होते. निजामाच्या राजवटीतून सुटून दहा वर्षेही झाली नव्हती. मुक्तिसंग्राम लढवणारी मंडळी इथे काँग्रेसमध्ये होती आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या शब्दाला वजन होते. त्या निवडणुकीत स्वामीजी औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून गेले. मराठी मुलखाशी जोडले जाणे ही मराठवाड्याची पहिली गरज होती आणि ती काही प्रमाणात भागली होती.

म्हणजे यशवंतरावांची स्थिती मोठी विचित्र झाली. ज्या मातीत ते वाढले, तिथे त्यांना निम्म्याच्या आसपास लोकांनी नाकारले होते आणि ज्या भागांशी ओळख नवी होती, त्यांनी त्यांना सत्तेवर बसवले होते.

निकालाचा अर्थ त्यांनी कसा लावला?

कायद्याच्या हिशेबाने त्यांचा विजय पूर्ण होता. एका मताने जिंकलेला आमदारही आमदारच असतो. पण हा निकाल म्हणजे मराठी माणसाने द्विभाषिकाला दिलेला नकार आहे, हे यशवंतराव समजून चुकले. आपण जिंकलो म्हणजे आपले म्हणणे लोकांना पटले, असा सोयीचा अर्थ त्यांनी काढला नाही.

३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते झाले. समितीने मोठ्या संख्येने निदर्शने करायचे ठरवले होते. ती चिरडण्याऐवजी शांततेत होऊ देण्याकडे यशवंतरावांच्या सरकारचा कल राहिला. काळे झेंडे घेऊन रस्त्याकडेला उभी असलेली माणसे नेहरूंना स्वतः पाहता आली. लोकांच्या मनात काय आहे, हे कोणत्याही अहवालापेक्षा त्या दृश्याने जास्त स्पष्ट केले.

पुढची दोन-अडीच वर्षे यशवंतरावांनी एकीकडे द्विभाषिक राज्याचा कारभार चोख चालवला आणि दुसरीकडे हे राज्य फार काळ टिकणार नाही, हे दिल्लीतल्या श्रेष्ठींच्या गळी उतरवले. १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदी इंदिरा गांधी आल्या. विभाजनाच्या बाजूने हवा फिरली. एप्रिल १९६० मध्ये संसदेने मुंबई राज्याच्या पुनर्रचनेचा कायदा केला आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र अस्तित्वात आला. डांग गुजरातकडे गेला. बेळगाव-कारवारचा प्रश्न तसाच राहिला आणि तो आजही सुटलेला नाही.

हे राज्य कोणी आणले, हा वाद महाराष्ट्रात अजून चालतो. हुतात्म्यांचे रक्त आणि समितीचा रेटा नसता, तर दिल्ली हलली नसती. तो रेटा दिल्लीला समजेल अशा भाषेत पोचवणारा माणूस सत्तेत नसता, तर आणखी किती वर्षे गेली असती, सांगता येत नाही.

मराठवाड्याच्या पदरात काय पडले?

- विद्यापीठ : पूर्वी इथली महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. त्यालाच आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ म्हणतात.
- फी सवलत : १९५९ पासून ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ झाली. ‘ईबीसी’ हा शब्द खेडोपाडी याच योजनेमुळे पोचला. शेतकऱ्यांची पहिली शिकलेली पिढी तिच्या आधाराने उभी राहिली.
- जिल्हा परिषद, पंचायत समिती : वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ मध्ये कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून त्रिस्तरीय पंचायत राज सुरू झाले. सिल्लोडच्या पंचायत समितीत विहिरीच्या किंवा घरकुलाच्या कामासाठी आपण आज जातो, ती व्यवस्था तेव्हाची आहे.
- वतने आणि सवलती : १९५८ च्या कायद्याने महार वतनासह गावकीची कनिष्ठ वतने रद्द झाली. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना राज्याच्या सवलती चालू ठेवण्याचा निर्णय १९६० मध्ये झाला.

त्यांच्यावर टीका कोणती झाली?

यशवंतरावांच्या राजकारणाला ‘बेरजेचे राजकारण’ म्हणतात. जो विरोधात लढला, त्याच्याशी वैर धरायचे नाही, त्याला जवळ करायचे, अशी ही पद्धत. शेकापचे अनेक नेते पुढे काँग्रेसमध्ये आले. कराड दक्षिणचे यशवंतराव मोहिते १९६० मध्ये आले आणि नंतर मंत्रीही झाले. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. पाच वर्षांपूर्वीचा निसटता विजय आता आठवणीत उरला.

या बेरजेची दुसरी बाजूही सांगायला हवी. विरोधी पक्षातली कर्ती माणसे सत्तेकडे गेली की विरोधी पक्ष पोकळ होतो. ग्रामीण महाराष्ट्रात काँग्रेसला पुढची अनेक वर्षे तुल्यबळ विरोधक उरला नाही. सहकारी कारखाने, बँका, जिल्हा परिषदा आणि पक्ष यांची सूत्रे ठरावीक घराण्यांच्या हाती गेली. मतदाराने एकाला पाडण्यासाठी ज्याला मत दिले, तोच पुढे पहिल्याच्या पक्षात दिसतो, हा अनुभव आजच्या मतदारालाही नवा नाही.

दिल्लीतली वर्षे आणि शेवट

१९६२ मध्ये चीनच्या आक्रमणानंतर नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावून घेतले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा महाराष्ट्र अभिमानाने म्हणू लागला. लोकसभेवर जाण्यासाठी त्यांनी नाशिकची पोटनिवडणूक लढवली आणि तिथे ते बिनविरोध निवडून आले. कराडात मतामतासाठी झुंजलेल्या माणसासमोर सहा वर्षांत कोणी उभेच राहिले नाही.

पुढे गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खाती त्यांनी सांभाळली. १९७७ मध्ये ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले आणि १९७९ मध्ये चरणसिंग सरकारात उपपंतप्रधान. काँग्रेसच्या फुटीत इंदिरा गांधींची साथ सोडल्याची किंमतही त्यांनी मोजली. १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसने महाराष्ट्रात ४८ पैकी ३९ जागा जिंकल्या. त्या लाटेत अर्स काँग्रेसचा एकच खासदार राज्यातून निवडून आला. ते होते साताऱ्याचे यशवंतराव. १९५७ मध्ये काठावर ठेवणाऱ्या साताऱ्याने पडत्या काळात त्यांना हात दिला. नंतर ते पुन्हा इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद मिळाले, पण पूर्वीचे स्थान मिळाले नाही. १९८३ मध्ये वेणूताई गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत यशवंतरावांचे निधन झाले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

आज फरक कमी असेल, तर कायदा काय सांगतो?

- फेरमोजणी : हरलेला उमेदवार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करू शकतो. अर्ज मान्य किंवा अमान्य करताना अधिकाऱ्याला कारण लिहून द्यावे लागते. मतांचा फरक कमी आहे म्हणून फेरमोजणी आपोआप होत नाही.
- यंत्राची तपासणी : सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या निकालानुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत मतदान यंत्रांच्या तपासणीची मागणी करता येते. ती मतदारसंघातल्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांपुरती असते आणि खर्च आधी भरावा लागतो.
- निवडणूक याचिका : निकालापासून ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात दाखल करता येते. १९५७ मध्ये यासाठी वेगळी न्यायाधिकरणे नेमली जात. १९६६ नंतर हे काम उच्च न्यायालयांकडे आले.
- समान मते : दोघांना सारखी मते पडली, तर चिठ्ठी टाकून निर्णय होतो. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० चा निकाल असाच चिठ्ठीने लागला.

अशा लढती दुर्मीळ नाहीत. २०२४ मध्येच मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी, साकोलीचा २०८ मतांनी आणि मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभेचा अवघ्या ४८ मतांनी लागला. कॅनडात फ्रेंच बोलणाऱ्या क्विबेक प्रांतातल्या तेरबोन मतदारसंघात २०२५ मध्ये फेरमोजणीनंतर फरक उरला तो एका मताचा.

मग सिल्लोडच्या मतदाराने यातून काय घ्यायचे?

जिंकलेल्या आमदाराचे अधिकार मताधिक्यावर ठरत नाहीत. निधी तेवढाच, सभागृहातले मत तेवढेच. ज्यांनी विरोधात मत दिले, त्यांचाही तो आमदार असतो. म्हणून २ हजार ४२० हा आकडा पाच वर्षे टोमणे मारण्यासाठी वापरण्यापेक्षा, आपले काम मागण्यासाठी वापरणे जास्त उपयोगाचे आहे. ज्या गावाने मत दिले नाही, त्या गावचा रस्ता, पाणी आणि शाळाखोलीही त्याच हक्काने मागता येते.

कराडच्या मतदाराने १९५७ मध्ये आपल्या मुख्यमंत्र्याला पाडले नाही, पण द्विभाषिक मान्य नाही, हे त्याच्या कानावर घातले. ऐकणारा ऐकायला तयार होता आणि तीन वर्षांत राज्य बदलले. मतदाराचे काम मतदानाच्या दिवशी झाले होते. पुढचे काम निवडून आलेल्याचे होते.